आबांची हुईक आणि माझी गोष्ट

मी गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील, आबा, मला पोचवायला आले ते सगळी मेंढरं बरोबर घेऊनच. तासगावच्या सडकेला कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार उभी होती. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. भट्टी पेटून मोटार निघेपर्यंत अर्धा तास गेला आणि तेवढ्या वेळात आबा एकच वाक्य बोलले. “आपल्या घरात हुईक सांगणारा म्या शेवटचाच का काय रं?”

मी सातवीची फायनल पास झालो होतो. सांगलीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम मिळालं होतं. मी मोटारीत चढलो.

आपल्या मेंढपाळांतले जे माधवनगरच्या गिरणीत गेले त्यांना हुईक काय ते सांगायला नको. पण त्यांची मुलं तिकडेच जन्मली, म्हणून लिहितो. चैत्रात बिरोबाच्या जत्रेला ढोल थांबले की एक माणूस खांद्यावर घोंगडं टाकून उभा राहतो आणि येणारं साल सांगतो. पाऊस कुठे पडेल, चारा कुठे मिळेल, रोगराई कुठून येईल. त्यावर मेंढरं कुठल्या दिशेला न्यायची ते ठरतं. आमच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. आबांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ते बोलू लागले की सगळा माळ गप्प होई. मीही लहानपणी तसाच गप्प झालो होतो. उद्याचा दिवस कुणी असा समोर आणून ठेवू शकतो याचं मला तेव्हा वाटलेलं नवल अजून संपलेलं नाही.

सांगलीत दिवसभर उलटी अक्षरं जुळवायची आणि संध्याकाळी वाचनालयात बसायचं, असं सुरू झालं. मंगळावरचे कालवे, समुद्राखालून जाणारी बोट, माणसाशिवाय चालणारं यंत्र. मासिकांतून जे मिळेल ते मी वाचलं आणि तसंच लिहायला लागलो. सहा गोष्टी परत आल्या. सातवी परत देताना एका मासिकाचे संपादक चष्मा पुसत म्हणाले, “तुमच्या मंगळावर धूळ कशी नाही हो?”

हे मला पुष्कळ दिवस समजलं नाही. मग एका रविवारी मी नदीकाठानं चालत गेलो आणि एका मळ्यात तेलाचं इंजिन पाहिलं. ते फटफट करत कृष्णेचं पाणी नळातून उचलून वर उसात टाकत होतं. आमच्याकडे पाणी हे खाली जाणारं आणि मग नाहीसं होणारं. इथे ते चढत होतं. मी तिथे उभा राहिलो तो दुपार टळेपर्यंत. मळेकऱ्यानं दोनदा विचारलं, काय हवंय म्हणून.

त्या आठवड्यात मी आमच्या माळाची गोष्ट लिहिली. शंभर वर्षांनी कृष्णा तासगावचा डोंगर चढून येते, माळावर पाटानं खेळते आणि मेंढरं उन्हाळ्यात घरीच राहतात, एवढीच. लिहिताना ध्यानात आलं की मी आबांसारखाच बोलतोय. ते आधी पायाखालचं सांगायचे, कुसळं, खडक, आटलेली विहीर. ऐकणाऱ्यानं मान डोलावली की मगच पुढचं साल. आणि ‘कदाचित’ कधी म्हणायचे नाहीत. गोष्ट छापून आली. एक अंक मी गावी शाळामास्तरांकडे पाठवला. आबांचा त्यावर काही निरोप आला नाही. मी समजलो, रागावलेत.

या पौषात आबा गेले. तार उशिरा मिळाली. मी पोचलो तोवर माती झाली होती. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ म्हाकू मला टेकडीवर घेऊन गेला. काय दाखवायचंय ते सांगेना. वर गेलो तर टेकडीच्या अंगाला आडवा खणलेला एक पाट होता. हातभर खोल, कडेला दगड नीट रचलेले, आणि आत कोरडा फुफाटा. दोन वळणं घेऊन तो दिसेनासा झाला होता.

मग म्हाकूनं सगळं सांगितलं. दोन वर्षांमागं जत्रेच्या वेळी आबांची छाती भरली होती, आवाज उमटत नव्हता. त्यांनी मास्तरांना उभं केलं आणि पोरानं धाडलीय ती वाचा म्हणाले. माझी गोष्ट हुईक म्हणून वाचली गेली.

“अरे, ती नुसती गोष्ट होती,” मी म्हणालो.

“मास्तर बी त्येच म्हणला. आणि शंबर सालं हायत अजून, असं बी बोलला. तर आबा म्हणला, मग आत्तापास्नंच लागाय पायजे. पाणी आलं आणि त्याला वाटच नसली, तर ते जाईल कुटं?”

त्या जत्रेनंतर आबांनी हा पाट खणायला घेतला होता. मी पाटाच्या कडेनं चालत गेलो. आबांकडे ना दोरी ना मोजमाप. तरी उतार कुठे तुटत नव्हता. विचारलं तर म्हाकू म्हणाला, मेंढरं टेकडीला आडवी चालतात तीच वाट आबांनी धरली. पाट ओढ्याच्या अलीकडे संपला होता. कुदळ तिथेच पडली होती. मी ती उचलली तसा म्हाकू म्हणाला, “बेतानं रं गड्या. लिवायचं काम न्हवं ह्ये.” हातभर खणेपर्यंत माझे तळवे फुटले. तो हसला नाही.

निघताना जाणती माणसं आली. यंदा हुईक कोण सांगणार, असं त्यांनी विचारलं. उभं राहून बोलायचं बळ माझ्यात नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. लिहून पाठवतो, म्हणालो. त्यांना ते चाललं.

चैत्र आठ दिवसांवर आला आहे आणि छापखाना सुटल्यावर मी ती लिहायला बसतो. मला घर विचाराल तर सांगलीची खोली नव्हे, आणि आबांवाचूनचं ते गावही आता नव्हे. माझं लिहिलेलं खरं धरून जी माणसं कामाला लागतात, ती जिथे बसून ऐकतात ते घर. त्यांना वाटेल ते लिहून पाठवता येत नाही. पावसाचं मला काही कळत नाही, म्हणून ते सोडलं. एवढंच लिहिलं आहे, की यंदा पाट ओढ्यापलीकडे जाईल. मास्तर वाचतील, आणि तो जाईल.