टग हिलच्या बर्फात तापलेली स्नोमोबिल

"तू इंजिनवाली आहेस ना? मग ये," एवढं सांगून सुधाकरकाकांनी फोन ठेवलासुद्धा. काका म्हणजे माझ्या बाबांचे कॉलेजातले मित्र. जर्सीत पार्सिपनीला राहतात, आयटीतून नुकतेच रिटायर झालेत. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात मेकॅनिकलमध्ये पीएचडी करते, पण माझी सगळी इंजिनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालतात. हे काकांना सांगायला हवं होतं. पण बर्फ, स्नोमोबिल आणि काकांच्या हातची मिसळ एकदम पदरात पडत असताना खरं कोण बोलतं? मी अॅडव्हायझरला ईमेल टाकली, थर्मल कपडे भरले आणि गाडी काढली.

पार्सिपनीला पोचल्यावर खरा मामला कळला. काकांनी रिटायर झाल्या झाल्या एक सेकंडहँड स्नोमोबिल, म्हणजे पुढे स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा असलेली बर्फावरची मोटारसायकल, घेतली होती. मागच्या हिवाळ्यात ती जंगलात तापून बंद पडली आणि काका एकटेच रस्त्यापर्यंत चालत आले. त्यांची मुलगी रिया जर्सीतच जन्मलेली आणि हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. तिने फर्मान काढलं होतं: या वेळी ती बरोबर येणार, ट्रेलवरच्या डायनरपर्यंत जाऊन परत यायचं, आणि मशीन मध्येच मेलं तर विकून टाकायचं.

"डील इज अ डील, बाबा," ती पराठे डब्यात भरता भरता म्हणाली.

"आपली एक्सपर्ट येतेय ना," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी पाणी प्यायला आत गेले.

शुक्रवारी दुपारी ट्रेलर जोडून निघालो. पार्सिपनीहून स्क्रँटन, मग ८१ नंबरचा हायवे धरून सरळ उत्तरेला. सिरॅक्यूजपर्यंत रस्ता अगदी शहाण्यासारखा वागतो. त्यानंतर टग हिलचं पठार लागतं, आणि तिथे मात्र शेजारच्या अवाढव्य तळ्यावरून आलेले ढग असा बर्फ ओततात की वायपर थकतात. जाणाऱ्यांनी सिरॅक्यूजलाच पेट्रोल भरून घ्यावं, जीन्स घरी ठेवाव्यात आणि लोकरीचे मोजे दुप्पट घ्यावेत. मी आणि रियाने एक स्नोमोबिल भाड्याने घेतली. दिवसाचं भाडं तीनशे डॉलरच्या आसपास, हेल्मेट त्यातच. शनिवारसाठी आधी बुकिंग करा, नाहीतर दुकानदार नुसता गोड हसतो.

शनिवारी सकाळी भाड्याच्या केबिनबाहेर आले तर कुंपणाचे खांब गायब! बर्फाने गिळले होते. मी कमरेपर्यंत रुतून वेड्यासारखी हसत सुटले. काकांनी मशीन सुरू करून ठेवलं होतं आणि ते आत आलं ठेचून निवांत चहा करत होते.

"इंजिन नीट गरम झालं पाहिजे. घाई नाही करायची," ते म्हणाले. चहाचा दुसरा कपही झाला. मशीन बाहेर एकटंच गुरगुरत होतं.

मग निघालो. काय सांगू! दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र झाडं, मध्ये रोलरने दाबून गुळगुळीत केलेली वाट, आणि रिया ॲक्सिलरेटर दाबते तेव्हा पोट मागच्या वळणावरच राहतं. मी हेल्मेटच्या आत मनसोक्त किंचाळत होते. काका पुढे होते, ताठ बसून, वरातीच्या घोड्याच्या चालीने. मागून आलेले लोक हात करून पुढे निघून जात होते आणि काका सगळ्यांना प्रेमाने वाट देत होते.

अर्ध्या वाटेवर त्यांच्या मशीनचा लाल दिवा लागला. कूलंटचं तापमान वर गेलं होतं आणि इंजिनाने आपली ताकद आपणच कमी करून टाकली. काकांनी हेल्मेट काढलं. चेहरा एवढासा झाला होता.

"इतकी जपून चालवली गं," ते मला म्हणाले. "एकदासुद्धा ताण दिला नाही."

मला काकांची इतकी दया आली की मी खाली बसून मशीनकडे अत्यंत विद्वान चेहऱ्याने पाहू लागले. आम्ही मागच्या पट्ट्याच्या वरच्या पत्र्यावर ओंजळींनी बर्फ लोटला. तो चर्रकन वितळला. थोडा वेळ असं करत राहिल्यावर दिवा विझला. रिया कंटाळून म्हणाली, "लेट मी ट्राय," आणि काकांचं मशीन घेऊन वाटेच्या कडेच्या भुसभुशीत बर्फात सुसाट गेली. मागे पांढरा फवारा. काकांनी डोळेच मिटून घेतले.

ती परत आली तेव्हा तापमानाचा काटा चांगलाच खाली होता.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या मशीनला कारसारखा पुढून वारा खाणारा रेडिएटर नसतो. कूलंट सीटखालच्या पत्र्याच्या पोकळीतून फिरतं, आणि पट्टा फिरताना जो बर्फ उडवतो तो त्या पत्र्याला खालून लागून ते थंड होतं. कडक वाटेवर हळू गेलं तर बर्फ उडतच नाही. उभं ठेवून दोन कप चहा प्यायला तर अजिबातच नाही.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही हिला जपता ना, म्हणूनच ही तापते."

"असं कसं? माझी पुण्यातली स्कूटर वीस वर्षं चालली. का? तर कधी दामटली नाही."

"बाबा, धिस इज नॉट युअर स्कूटर," रिया म्हणाली, पण आता ती हसत होती.

आनंद टिकला पुढच्या चढापर्यंत. तिथे इंजिन बोंबलायला लागलं आणि मशीन जागचं हलेना. जळक्या रबराचा वास आला. बाजूचं झाकण उघडलं तर क्लचभोवती काळी भुकटी! इथे मात्र मला स्कूटरच आठवली, कारण आतली रचना तशीच: दोन पुली, त्यातली पुढची म्हणजेच क्लच, आणि मधे बेल्ट. काका कायम इतके हळू जायचे की क्लच अर्धवटच धरायचा आणि बेल्ट त्यावर घासत राहायचा. बेल्ट झिजून अरुंद झाला होता, आणि पुलीवर नख फिरवलं तर खाच लागत होती. म्हणून इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत पोचतच नव्हती.

जादा बेल्ट झाकणाखालीच होता. काकांनी दुसरी पुली दोन्ही हातांनी फाकवली, मी बेल्ट ओढला, रिया फोनवर व्हिडिओ बघून सूचना देत राहिली. तिघांची बोटं काळी. बेल्ट बसला आणि रियाने सीटवर टांग टाकली.

"बाबा, मागे बस. घट्ट धर."

"अगं, पण हळू..."

पुढचं ऐकूच आलं नाही. मी भाड्याच्या मशीनवरून पाठलाग करत होते आणि पुढून काकांचा आवाज येत होता. आधी तो आरडाओरडा वाटला. मग लक्षात आलं की ते हसताहेत.

डायनरमध्ये राजम्याच्या उसळीसारखं वाफाळतं चिली, मक्याची पोळी म्हणावी असा ब्रेड आणि आमची शेंगदाण्याची चटणी. वाढणारी बाई काकांना म्हणाली, "हनी, यू लुक फ्रोझन." काका म्हणाले, "नो, नो. फर्स्ट क्लास." परत येताना मशीन एकदाही थांबलं नाही. क्लच मात्र बदलावाच लागणार होता. नवी पुली कुठे मिळेल याचा शोध रियाने जेवतानाच घेतला होता.

मी आता स्टेट कॉलेजला परत आलेय. मांड्या अजून दुखतात, कॉम्प्युटरवरची इंजिनं फार अळणी वाटतात. जाऊ की नको करत असाल तर जा. फक्त मशीन कडेच्या मऊ बर्फात अधूनमधून पळवा आणि चहा आधी पिऊन घ्या.

काल काकांचा फोन आला. मला वाटलं, क्लचबद्दल विचारतील.

"अगं, रिया या शनिवारीही येतेय. आणि पुढच्याही," ते म्हणाले. "किल्ली तिच्याकडेच आहे. कार्टी मला चालवूच देत नाही बघ."

तक्रार म्हणून सांगत होते. पण त्यांना एवढं खूश मी कधीच ऐकलं नव्हतं.