नाक घासायची पायरी

"नाक टेकव. आता वर बघून बोल. आवाज येत नाय."

यात्रा कमिटीचे अध्यक्ष माझ्यावर मोबाईल धरून सांगत होते. देवळाच्या पायरीवर मी गुडघे टेकलेले. मागं सगळं गाव. त्यात माझा धाकटा भाऊही.

गुन्हा एका स्टेटसचा. यात्रेत पालखीखाली आमच्या घरचं घोंगडं अंथरतात. आम्ही मेंढरंवाले, आमच्या घराला तो मान. लोकर आई कातते. पण घोंगडं देवळात गेलं की बाईनं त्याला शिवायचं नाही. त्या वर्षी वाऱ्यानं कोपरा दुमडला. आईनं तो सवयीनं सरळ केला. चारचौघांत तिच्या हातावर कमिटीवाल्याची काठी बसली. मी लिहिलं, 'आईचं घोंगडं चालतं, आईचा हात चालत नाही. असल्या देवापेक्षा आमचं मेंढरू बरं.'

झोंबावं म्हणूनच लिहिलं होतं.

भाऊ म्हणाला, "माफी माग ताई. मान जाईल आपला. हितंच ऱ्हायचंय." मी नाक घासलं. व्हिडिओ आळे गावापासून पार कळंबपर्यंत फिरला. मी फाट्यावरच्या मेडिकलात कामाला. गिऱ्हाईक चिठ्ठी देताना आधी माझं नाक बघायचं. वर्षभर मी खाली बघून गोळ्या दिल्या. जाणार कुठं?

यंदा गावातल्या एका टेम्पोवाल्यानं स्टेटस टाकलं. मेंढरंवाल्यांच्या बायकांवर. इतकं घाण, की मी अर्ध्यातच मोबाईल उलटा ठेवला. आमच्या भावकीनं त्याला धरून त्याच पायरीवर आणलं. अध्यक्षही आले. भावानं मोबाईल माझ्या हातात दिला.

"तू काढ व्हिडिओ. तुझा हक्क हाय."

टेम्पोवाला गुडघ्यावर बसला. मला त्याची कीव आली नाही. पण त्याचं नाक तिथं घासलं, तर माझं घासलं तेही बरोबरच ठरणार होतं. मी मोबाईल भावाला परत दिला आणि त्या पायरीवर जाऊन बसले.

"ऊठ," भाऊ म्हणाला.

"नाय. त्याला काय बोलायचं ते मी तोंडानं बोलीन. नाक नाय घासायचं कुणी."

"त्याची बाजू घेती व्हय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी घेती."

टेम्पोवाला उठून गेला. आभार नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तसलंच आणखी एक टाकलं. मी त्याला भर चौकात गाठून धुतला, शब्दांनी. भाऊ माझ्याशी बोलत नाही. घोंगड्याचा मान दुसऱ्या घराला गेला. आई रडते, मला वाईट वाटतं.

परवा मी माझं जुनं स्टेटस पुन्हा टाकलं, एक अक्षर न बदलता. कमिटीचा निरोप आलाय, उद्या देवळात या.

जाणार आहे. जे बोलायचं ते उभी राहून बोलेन.