टॉवेल-टोपीची अकरा मिनिटं

रघू गेला हे मला त्याच्या घरून नाही, जळगावच्या एका स्पेअरपार्टवाल्याकडून कळलं, आणि खरं सांगतो, आधी रागच आला. स्कूटरची केबल घ्यायला गेलो होतो. "मास्तर, धुळ्याचे रघूभाऊ पहाटे गेले ना..." केबल गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला. इतक्या वर्षांची आमची मैत्री, आणि बातमी अशी, दुकानाच्या काउंटरवर! घरी येऊन वहिनींना फोन लावला तो जाब विचारायलाच. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "सकाळपासून तीनदा लावला, तुम्ही उचललाच नाही." बरोबर आहे. मी घरात असलो की फोन उचलत नाही, ही माझी जुनी खोड. निमूट धुळ्याची एसटी धरली.

धुळ्यात आग्रा रोडला रघूचं गॅरेज होतं आणि मी तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायचो. ही गोष्ट नव्वदच्या आगेमागची. माझी स्कूटर महिन्यातून दोनदा बंद पडायची, त्यातून दोस्ती झाली. रघूला मोटारींच्या रॅलीचं वेड होतं आणि त्याला शेजारी बसून हिशोब करणारा माणूस हवा होता. आमच्याकडच्या त्या रॅल्या म्हणजे नुसती पळापळ नसायची. दर टप्प्याला वेळ ठरलेली, उशिरा पोहोचलात तर गुण कापणार, लवकर पोहोचलात तरी कापणार. चालवायचं रघूनं, नकाशा, घड्याळ आणि सरासरी वेग मी सांभाळायचा. जीप जुनी, तिचा पत्रा रघूनंच इतक्या ठिकाणी जोडला होता, की मूळची जीप किती उरली होती देव जाणे. डाव्या बाजूला मी मांडीवर पाटी घेऊन ओरडायचो, "रघू, चाळीस सेकंद मागे!" आणि तो शांतपणे म्हणायचा, "भरी काढू, मास्तर." आणि भरून काढायचाही. त्याच्या हातांइतके शहाणे हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

पण या खेळाला विचारतो कोण? कोणी कोणाला मागे टाकताना दिसत नाही, मग ही कसली शर्यत, असं लोक तोंडावर म्हणायचे. मोठ्या गाड्यावाल्यांना कंपन्या गाडी द्यायच्या, टायर द्यायच्या. आमच्यासारख्यांना एक टोपीसुद्धा नाही. दोन वर्षं रघू एका गाडीच्या कंपनीच्या मागे लागला होता. शेवटी पुण्याहून एक साहेब आला, जीपमध्ये बसून साक्रीच्या वाटेवर फिरून आला, उतरला तेव्हा चेहरा पांढरा पडलेला, पण खूश होता. म्हणाला, "चालवता झकास. पण मला वर दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. पहिल्या तिघांत या, आणि रस्त्यावर लोक दिसू द्या. बघणारेच नसतील तर कंपनी गाडी कोणासाठी देईल?" नवी कोरी गाडी, वर्षभरासाठी. रघू त्या दिवशी चहात साखर घालायची विसरला आणि तसाच प्यायला.

मग महिनाभर हा माणूस बाजार धरून फिरला. साक्रीचा बाजार, सोनगीरचा, पारोळ्याचा. जीपवर भोंगा बांधून सांगायचा, अमुक दिवशी आम्ही तुमच्या गावावरून जाणार, बठ्ठा गाव, म्हणजे अख्खा गाव, रस्त्यावर या. पारोळ्याच्या पुढं त्याची सासुरवाडी होती, तिथं तर घरोघर जाऊन सांगून आला. माझ्या डोक्यात तेव्हा धोक्याची घंटा वाजायला हवी होती. गणिताचा मास्तर मी, पण खान्देशातच जन्मलो ना. नाही वाजली.

रॅलीच्या दिवशी धुळ्याहून सकाळी निघालो. साक्री, तिथून आडवाटेनं सोनगीर, मग पारोळा, शेवट जळगावला. पारोळ्यापर्यंत आम्ही दुसरे होतो. दुसरे! फक्त एक टप्पा उरला होता, आणि त्यात सासुरवाडीचा फाटा आला. रस्त्यात मधोमध रघूचे सासरे, आबा, हातात टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन उभे. मागे हलगी, बायाबापड्या, शाळेची पोरं, दोनशे माणूस तरी असेल. मी ओरडलो, "हॉर्न मार, बाजूनं काढ, थांबू नको." रघूनं जीप थांबवली. इंजिन बंद केलं. "मीच बलावं त्यास्ले, मास्तर. आते मीच कसा पयू?" एवढं बोलून उतरला. आबांनी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. जावयाला एका घरचा टॉवेल आणि दुसऱ्या घरचा नाही, असं कसं चालेल? एकेक घर पुढं येऊ लागलं. एका म्हातारीनं ओवाळलं. कोणीतरी माझ्याही डोक्यावर टोपी ठेवली, आणि मी घड्याळ त्यांच्यापुढं नाचवत होतो, तर एक जण म्हणाला, "घड्याळ छान शे तुमचं." अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं रघूसुद्धा भरून काढू शकला नाही.

जळगावला आम्ही सातवे आलो. साहेब शेवटच्या ठिकाणी खुर्ची टाकून बसला होता, आणि तिथं रस्त्यावर चार रिक्षावाले आणि एक रसवंतीवाला, बस. "लोक कुठे आहेत?" त्यानं विचारलं. जीपमध्ये मागे तेवीस टॉवेल पडले होते. मी रघूला बोललो, चारचौघांत. "तुला गाडी नकोच होती, टोप्या हव्या होत्या. पुन्हा तुझ्या शेजारी बसलो तर नाव बदलीन." तो टॉवेलनं तोंड पुसत माझ्याकडं बघत राहिला... आणि मी बसनं परत आलो.

कंपनीनं गाडी दिली नाही. पुढं त्या सगळ्याच कंपन्यांचा पैसा क्रिकेटकडं गेला, रॅली भरवणारा क्लबही मोडला. माझी बदली जळगावला झाली. मैत्री तुटली नाही. चहा व्हायचा, लग्नकार्याला जायचो. दर दिवाळीला तो जीपकडं बोट करून विचारायचा, "मास्तर, बठतस का? सोनगीरपर्यंत जाऊन येऊ." आणि मी कंबर दुखते म्हणायचो. कंबर कधीच दुखत नव्हती. शब्द पाळत होतो मी, मूर्खासारखा. त्याला नवी गाडी मिळाली असती, पण ज्यांना आपण बोलावलं त्यांना धूळ खायला लावून तो गेला नाही, हे समजायला मला त्याच्या दहाव्याला यावं लागलं. तिथं सासुरवाडीच्या त्या गावची माणसं टेम्पो करून आली होती.

दहाव्याची जेवणं गॅरेजच्या शेडमध्ये होती, म्हणून जीप बाहेर काढायची होती. तिचा चोक मलाच ठाऊक, म्हणून वहिनींनी किल्ली माझ्या हातात दिली. मी आत शिरलो, नेहमीच्या बाजूनं चढलो आणि बसलो. सीटवरचं रेक्झिन तेच, फाटलेलं. समोर काच, काचेपलीकडं आग्रा रोड. किती वेळ बसलो कोण जाणे. वहिनी डाव्या दारापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, गाडी काढायची ना बाहेर?"

"हो," मी म्हणालो, "येऊ दे त्याला."