सवतीची हळद

माझी सवत घरी आली ती एका पिकअपच्या मागे बांधलेली. गुरुवारची संध्याकाळ होती आणि मी सुरमई तळायला घेतली होती. नवरा आठवडाभर रास अल खैरला पाण्याच्या प्लांटवर असतो, तिथल्याच कॅम्पात राहतो आणि गुरुवारी जुबैलला घरी येतो. मेसमधल्या माशाला तो मासा म्हणतच नाही. बाहेर गाडी थांबली म्हणून गॅस बारीक करून दारात गेले, तर हा फाटक सताड उघडून हातवारे करतोय, "यल्ला, यल्ला, अजून मागे," आणि उलट्या पावलांनी आमच्या अंगणात शिरतंय एक पिवळट पडलेलं, चाकांवरचं घर. कॅरव्हॅन.

प्लांटवरचा कुणी गोरा इंजिनियर नोकरी संपवून कायमचा आपल्या देशी चालला होता. जाताना त्याने ही ब्याद माझ्या नवऱ्याच्या गळ्यात मारली आणि नवऱ्याने ती हार घालून घ्यावा तशी घालून घेतली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आम्ही एका सौदी मालकाच्या जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. अंगण एवढंसं. तिला जागा करायला माझ्या कढीपत्त्याच्या कुंड्या मागच्या भिंतीशी गेल्या. तिथे दुपारचं ऊन थेट लागतं. एक झाड त्याच आठवड्यात वाळलं, ते मी अजून विसरलेली नाही.

मला काय हवं होतं ते सरळच सांगते. शुक्रवार आणि शनिवार. आठवड्याचे बाकीचे दिवस मी कंपनीला देऊन टाकले होते, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण हे दोन दिवस माझे होते. जुम्म्याची नमाज झाली की जेवण, मग समुद्रावर एक चक्कर, शनिवारी मासळीबाजार आणि संध्याकाळी त्याचे डबे भरून देणं. फार मोठं सुख नव्हे, पण ते माझं होतं, आणि तेच ती घेऊन बसली.

तो तिला धुवायचा, पुसायचा. उन्हाने तिचा रंग उडू नये म्हणून कापड आणून तिच्यावर घालायचा. माझा रंग या देशात आल्यापासून किती उडाला ते त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कॅम्पातून फोन आला की पहिला प्रश्न, "वारा सुटलाय म्हणे तिकडं. तिच्यावरचं कापड उडालं नाही ना?" मी म्हणायचे, "तिला काही झालेलं नाही. मला मात्र ताप आहे." खरं तर ताप नसायचा.

आमची मुलगी शाळेच्या अभ्यासातून मान वर करून म्हणायची, "अम्मी, इट्स जस्ट अ कॅरव्हॅन." तिला काय कळतंय. मी गावी बहिणीला फोन केला की कॅरव्हॅन हा शब्दच वापरायचे नाही, सवत म्हणायचे. "सवतीनं आज नवीन पडदे घेतले." "सवतीचं चाक बसलं, नवरा तिच्या पायाशी बसलाय." बहीण खो खो हसायची. तिला फोटो पाठवले होते, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं.

मग हिवाळ्यातला पहिला पाऊस पडला. इकडचा पाऊस म्हणजे आपल्याकडची एक सर, पण सवतीला तेवढाही सोसला नाही. आतली गादी भिजून चिंब. मला वाटलं, आता तरी याचं मन उतरेल. कसलं काय. त्याचे डोळे चमकले. समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या प्लांटवर याचं काम एकच, पाणी जिथे जायला नको तिथे जाऊ न देणं. आता तेच काम त्याला घरच्या अंगणात, स्वतःच्या हौसेने करायला मिळत होतं. "गळतेय," तो म्हणाला, आणि ज्या लाडाने म्हणाला त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडे रत्नागिरीत पावसाच्या आधी घर शाकारतात. कौल फुटलं असेल तर थेंब त्याच्याच खाली पडतो, त्यामुळे वर बघून बोट दाखवता येतं. त्याने तोच हिशेब लावला. थेंब गादीवर पडत होता म्हणून गादीच्या वरचं छप्पर खरवडलं, जुनं सिलिकॉन काढलं, नवं भरलं. मग पाइप लावून छप्पर धुतलं, तर थेंब पुन्हा गादीवरच. मग छपराची छोटी खिडकी उघडून तिच्या कडेने टेप लावली. मग एसीच्या बुडाला सिलिकॉन. शुक्रवारमागून शुक्रवार गेले, छप्पर वाढदिवसाच्या केकसारखं थापलं गेलं आणि गळती जिथल्या तिथे. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

गळती शोधून काढली मी. प्रेमाने नव्हे हो, वैतागून. माझे डबे घेऊन तो कॅम्पात जातो, तेव्हा पिशवीत हमखास एखादा डबा पाझरतो. कुठला ते शोधावं लागत नाही, हळदीचा डाग सांगतो. एका शुक्रवारी जेवण गार होत होतं आणि हा छपरावर पाइप धरून उभा होता. तिथे मला ते सुचलं. मी म्हटलं, "सगळीकडं एकदम पाणी मारून काय कळणार? हळद कालवून देते. एकेका जागी तांब्याने ओता. मी आत बसून बघते पिवळं कुठून येतं ते."

त्याने वरूनच कपाळावर हात मारला. प्लांटवर असंच रंग घालून गळती शोधतात म्हणे. आणि याला ते घरी सुचलं नव्हतं.

बादलीभर पाण्यात मी हळद ओतली, गावाहून आणलेली, कांडून घेतलेली. मनात म्हटलं, हीसुद्धा तिलाच. आत जाऊन गादीवर उताणी पडले, हातात टॉर्च. वरून आवाज आला, "खिडकीपाशी ओततोय. आलं का?"

"नाही."

"आता एसीपाशी. आलं का?"

"नाही."

असं करत तो पार कडेला गेला, जिथे छपराचा पत्रा आणि भिंत यांना जोडणारी लांब पट्टी आहे. सगळ्यात दूरचा कोपरा. तिथे ओतलं आणि जरा वेळाने माझ्या डोक्यावर छताचा कागद हळूहळू पिवळा होऊ लागला. पाणी कोपऱ्यात शिरत होतं आणि आतल्या फळीवरून चालत येऊन गादीवर पडत होतं. "आलं," मी ओरडले. वर तो नाचला असावा, कारण सगळं घर हललं.

खाली उतरला तेव्हा त्याचे हात, बाह्या, दाढीचं टोक, सगळं पिवळं. सवत तर डोक्यापासून चाकांपर्यंत माखलेली. त्या संध्याकाळी मी बहिणीला मेसेज बोलून पाठवला. "आज मी माझ्या हातानं सवतीला हळद लावली गो. अशी पिवळी झाली, नवरी दिसतेय. हा पण माखलाय. आता तिला सोडून उठेल तर शपथ."

आमच्या गावात असा मेसेज कुणी कानाला लावून ऐकत नाही. मोबाइल सुपात ठेवतात आणि भोवती बसलेल्या सगळ्या जणी ऐकतात. त्या दिवशी बहिणीकडे सांडगे घालायला बायका जमल्या होत्या, आणि त्यांतली एक माझ्या सासरच्या मोहल्ल्यातली होती. बहीण हसली, तिला फोटो ठाऊक. त्या बाईला ठाऊक नव्हतं. आणि हळद तर आमच्याकडेही लग्नाच्या आदल्या दिवशीच लावतात.

ते गावात मुरत होतं तेव्हा मला कशाचाच पत्ता नव्हता, कारण माझे शुक्रवार परत आले होते. पट्टी उचकटून स्क्रू बदलायचे होते, खाली नवी चिकट टेप बसवायची होती, आणि प्रत्येक वीतभर झालं की पाणी ओतून बघायचं होतं. तो वर, मी आत. "आलं का?" "नाही." मधल्या वेळात तो बोलायचा. तोंडासमोर बसून जे कधी बोलला नाही ते पत्र्याआडून बोलायला लागला. कॅम्पात तो माझा डबा शेवटी उघडतो, कारण आधी उघडला तर मेसचा भात घशाखाली उतरत नाही. घरी आला की पहिल्या रात्री त्याला झोप लागत नाही, जनरेटरचा आवाज नसतो म्हणून. यंदा माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे, आणि त्याला भीती वाटते. मी उताणी पडून ऐकायचे. वर त्याची पावलं वाजायची आणि छतावर तो पिवळा डाग. तिच्यावरचा राग गेला नव्हता. पण तिच्या पोटात पडून राहायला मला आवडू लागलं होतं.

मग सासूबाईंचा मेसेज आला. नवऱ्याने चहा पिता पिता लावला आणि कप तसाच हातात राहिला. "लाज नाय वाटली तुला? दुसरी केलास ती केलास, वर हिच्याच हातानी हळद लावून घेतलास? ती बाय माझ्या उंबऱ्याच्या आत यायची नाय. माझ्या सुनेला माझ्याकडं पाठव. मी सांभाळीन तिला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंनी माझ्या कालवणालासुद्धा कधी बरं म्हटलेलं नव्हतं. माझ्या सुनेला, म्हणाल्या. तो मेसेज मी पुन्हा पुन्हा ऐकला.

तो म्हणाला, "आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग त्यांना काय ते."

मी म्हटलं, "करते उद्या." खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मी महिनोन्महिने जळत होते, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता सगळं गाव माझ्या बाजूने उभं होतं. दोन दिवस उभं राहू दे की, म्हटलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दोन दिवसांत दम्मामहून त्याच्या गाववाल्याचा फोन आला, "मुबारक हो." जमातीतले एक बुजुर्ग म्हणाले, दोघींना सारखं वागवशील तरच निभेल. प्लांटवर कुणीतरी मिठाई मागितली. मी घाईघाईने सासूबाईंना फोन केला, कॅरव्हॅनचा फोटो पाठवला, सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी फोटो उघडून बघितला. मग म्हणाल्या, "घर दिसला. घरवाली कुठाय?"

मी हसले. तो हसला नाही. चारचौघांत आपलं हसं झालेलं त्याला सोसत नाही, त्याचा स्वभावच तसा. फोटोवर कुणाचा विश्वास बसेना, उलट बायकोला दटावून बोलायला लावलं म्हणाले. शेवटी तो म्हणाला, "खलास. विकून टाकतो. गाडीला बांधून नेतानाचा व्हिडिओच पाठवतो अम्माला."

"छप्पर आता गळत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच तर विकली जाईल."

घ्यायला एक सौदी तरुण आला, नुकतं लग्न झालेला. हिवाळ्यात बायकोला घेऊन वाळवंटात मुक्काम करायची हौस. बायको अबाया सावरत आत चढली, मी पण मागोमाग. तिने छताकडे बोट दाखवून विचारलं, "ज़ाफ़रान?" केशर.

"कुरकुम," मी म्हटलं. हळद.

बाहेर माझा नवरा मोडक्यातोडक्या अरबीत त्या मुलाला सांगत होता, कोपरा दाखवत होता, बादली, तांब्या, सगळं हातवाऱ्यांनी. आणि मी आत होते हे तो सांगत होता. "माझ्या बायकोने शोधलं," एवढं मला नीट कळलं. ती पोरगी हसली, गादीवर उताणी पडली, अगदी मी पडायचे तिथे, आणि वर बघू लागली. तिच्या नवऱ्याने बाहेरून पत्र्यावर टकटक केलं. तिने आतून टकटक केलं.

कॅरव्हॅनवर मी जळले ते काहीच नव्हतं. त्या पोरीचा हात धरून तिला तिथून उठवावं असं मला वाटलं. मी नुसतं म्हटलं, "मबरूक."

व्हिडिओ गेला. सासूबाईंची खात्री पटली, त्या माझ्याशी पुन्हा पहिल्यासारख्या बोलू लागल्या, म्हणजे कालवणाबद्दल. कुंड्या पुढे आल्या. शुक्रवार, शनिवार दोन्ही माझ्याकडे परत आले. तो नमाजेला उठतो, येऊन जेवतो आणि मोबाइल घेऊन कोचावर पडतो. मी समोर बसते. आम्ही भांडत नाही. समुद्रावर जाऊ का, विचारलं तर जाऊ म्हणतो, आणि जातोही. तिथेही मोबाइल असतो. कॅम्पातली माणसं कमी केली आणि हा त्यांत नाही, हे मला दुसऱ्याच कुणाच्या बायकोकडून कळलं.

गेल्या शुक्रवारी तो नमाजेला गेला असताना मी त्याचा पाना काढला आणि सिंकखालच्या पाइपचा नट थोडा सैल केला.

आल्यावर म्हटलं, "किचनमध्ये पाणी साचतंय, बघा जरा." मोबाइल कोचावरच राहिला. त्याने वाकून बघितलं, बाहेरचा कॉक बंद करून नट आवळला, मला टॉर्च देऊन खाली बसवलं आणि कॉक पुन्हा सोडायला अंगणात गेला. पूर्वी ती उभी असायची बरोबर तिथे. खिडकीतून त्याचा आवाज आला, "आलं का?"

मी पाइपवरून बोट फिरवलं. ठणठणीत कोरडं.

"येतंय अजून," मी म्हटलं.