मोगऱ्याच्या मुंडावळ्या

दुसरं लग्न ठरलं तेव्हा खिदिरपूरच्या मावशीने एकच अट घातली. कचेरीत जाऊन सह्या करा, पेढा खा आणि मोकळे व्हा. मुंडावळ्या, हार, अक्षता काही नको. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाले, तेव्हा मला कलकत्त्याला आणून शिकवलं ते याच मावशीने. तीही विधवाच.

"लोक तोंडात शेण घालतील," ती म्हणाली.

"घालू देत. मी काही चोरी करत नाहीये. मला मुंडावळ्या हव्यात, आणि त्याही ताज्या मोगऱ्याच्या."

होणाऱ्या नवऱ्याने माझी बाजू घेतली. मावशीने अबोला धरला.

पण बंगाल्यांच्या गावात मुंडावळ्या करणार कोण? माझ्या शाळेतल्या एका बाईंनी बराकपूरच्या पलीकडचं एक गाव सांगितलं. मोगरा लावायचा आणि लग्नाचे हार ओवायचे, हाच तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. लग्नाच्या आदल्या दिवशी मी एकटीच तिथे गेले.

घरांना लागून मोगऱ्याचे वाफे होते. कळी उमलायच्या आत खुडायची, ओल्या फडक्यात ठेवायची आणि इतकी दाट ओवायची की दोरा दिसता कामा नये. ओसरीवर पाच-सहा बायका ओवत बसल्या होत्या. त्यांतल्या म्हातारीला मी कपाळावर बोट फिरवून मुंडावळ्या समजावल्या. तिने सर ओवायला घेतला आणि माप बघायला माझ्या कपाळाशी आणला. मी मागे सरले.

"दिदिमा, मी विधवा आहे. हे माझं दुसरं लग्न. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

भांडायच्या तयारीनेच बोलले होते. तिची सुई थांबलीसुद्धा नाही.

"आणि आम्ही कोण आहोत, मा?"

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. सगळ्यांच्या अंगावर बिनकाठाची पांढरी लुगडी.

"नवरा-मुलं असलेल्यांना घरची कामं असतात. ओवायला आम्ही. कलकत्त्याच्या किती नवऱ्या आमच्या हातचे हार घालतात! अजून एकही भटजी विचारायला आला नाही."

मी मोठ्याने हसले आणि लगेच संतापले. नवरीचा हार यांनी ओवायचा, आणि मांडवात मात्र तोंड दाखवायचं नाही! हा कुठला न्याय?

लग्नाच्या दिवशी मावशी स्वैपाकघरात जाऊन बसली. सासरच्या सवाष्णी मुंडावळ्या बांधायला पुढे आल्या. मी मान वळवली.

"मावशी बांधेल."

"वेडी का तू?" ती आतून ओरडली. "माझा हात नको लागायला!"

"यातली कळी न् कळी विधवांनी ओवलीय. तुझ्या हाताने आणखी काय बिघडणार आहे?"

गुरुजी मुहूर्त मुहूर्त म्हणून ओरडू लागले. मी पाटावरून हललेच नाही.

शेवटी मावशी बाहेर आली, पदराला हात पुसत. कुणाकडेही न बघता माझ्यामागे उभी राहिली आणि तिने गाठ मारली. इतकी घट्ट, की संध्याकाळी कात्री लावावी लागली.