अकोल्याची दुसरी प्रत

अमरावतीहून अकोला म्हणजे काही सहल नव्हे, हे आधीच सांगते. डेटा सेंटर आतून कसं असतं, असं माझ्या प्रवासलेखांच्या बऱ्याच वाचकांनी विचारलं होतं, म्हणून लिहितेय. आणि लिहिल्याशिवाय माझी यातून सुटका नाही, म्हणूनही.

मी ज्या कंपनीत काम करते ती छोट्या दवाखान्यांच्या आणि गावोगावच्या कार्यालयांच्या नोंदी सांभाळते. मूळ प्रत अमरावतीत, दुसरी अकोल्यात. एका गावाला आग लागली, पाणी शिरलं, तर दुसऱ्या गावची प्रत शाबूत राहावी म्हणून. दर तीन महिन्यांनी कुणीतरी अकोल्याला जायचं, तिथल्या प्रतीतून काही फाइली उघडून पाहायच्या आणि ‘तपासले’ म्हणून सही करायची. डिसेंबरची सही मी अमरावतीत बसूनच केली होती. स्क्रीनवर हिरवी खूण होती, आणि सगळे असंच करतात, असं आमचे देशमुख सर म्हणाले होते.

तेव्हापासून माझी झोप नीट लागत नव्हती. मला चौथीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं, नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावात. पाढे म्हणून झाले की ते वही मिटायला लावत आणि पुन्हा म्हणायला सांगत. वहीत बघून म्हटलेलं ते धरतच नसत. तिथं न बघता म्हणणं हीच परीक्षा होती; इथं मी न बघता सही करून परीक्षाच टाळली होती.

मार्चअखेर पुन्हा सहीची वेळ आली तेव्हा मी जाते म्हणाले. सकाळी सातची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा विचार करू नका, उन्हाचा करा. निघण्याआधी स्टँडजवळ दह्यात बुडवलेला गिला वडा खाल्ला. प्रवासात दही नको म्हणतात, पण रिकाम्या पोटी मला जास्त धाकधूक होते.

बडनेरा मागे पडलं तशी शेजारच्या काकूंनी चौकशी सुरू केली. अकोल्याले काहून चालली, कोण हाय तिथं, लग्न झालं का. मी कामाचं सांगितलं. मोबाइलमधलं सगळं वर आभाळात असते असं त्यांचा मुलगा म्हणतो, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, जमिनीवरच असतं. तुम्ही रेशनच्या दुकानात अंगठा लावता, तेव्हा कुठल्यातरी गावातल्या एका थंड खोलीतलं यंत्र ‘हो, ह्याच त्या बाई’ म्हणतं. तशा मोठाल्या खोल्या मुंबईकडे आहेत, आमची लहानशी अकोल्यात.

“मंग अकोल्याच्या उन्हात खराब नाही होत ते?” काकूंनी विचारलं.

याहून नेमका प्रश्न मला कार्यालयात कुणी विचारलेला नाही.

मूर्तिजापूरला दहा मिनिटं थांबा, चहा ठीक. पुढे रस्ता चांगला आहे, पण दोन्हीकडे उघडी काळी शेतं आणि डोळ्यांवर झळ. अकोल्याच्या स्टँडवरून जुन्या शहरात शेअर रिक्षा मिळते. मोर्णा नदीचा पूल ओलांडला की गल्ल्या अरुंद होतात. रिक्षावाल्याला आधीच ‘जुनं कापसाचं गोदाम’ सांगा, डेटा सेंटर म्हटलं तर कुणाला कळत नाही. आणि हो, आत पाहुण्यांना सोडत नाहीत.

राखणदार वामनकाकांनी कुलूप काढलं. बाहेर तापलेला पत्रा आणि आत अंगावर काटा यावा असा गारवा. माणसाएवढी दोन कपाटं, एकसारखी घरघर, भिंतीशी बॅटऱ्यांची रांग. इतकंच. मी यादीतून एकेक फाइल उघडू लागले. उघडत होत्या. मग आमच्याच नांदगावच्या एका दवाखान्याच्या जन्मनोंदी काढल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या होत्या. पुढे काहीच नाही.

खाली वाकून पाहिलं. एका कपाटातल्या खालच्या, नोंदी साठवणाऱ्या पेटीचा दिवा बंद होता. तिच्यावर कुंकवाचा टिळा, आणि फटीत झेंडूची वाळलेली पाकळी.

“खंडेनवमीले नांगर नाही चालवत आमी, ताई,” काका म्हणाले. “हे बिचारं रात्रंदिवस घुरघुर करून राहिलं. मले वाटलं, एक दिवस तरी आराम द्याव त्याले.”

दोन तास बंद ठेवून त्यांनी सगळं पुसलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ मात्र बाहेर फोडला. मग वरचं बटण दाबलं. खालच्या पेटीला वेगळं बटण आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अमरावतीची हिरवी खूण फक्त वरच्या पेटीची होती.

मी बटण दाबलं. मूळ प्रत शाबूत असल्यानं राहिलेलं सगळं संध्याकाळपर्यंत पुन्हा येणार होतं. सरांना फोन केला. चालू झालं ना, मग ‘तपासले’ लिही आणि ये, असं ते म्हणाले. तेवढ्यात काकांनी हळूच विचारलं, “माही नोकरी जाते का?”

साडेपाच महिने त्या बाळांच्या नोंदींना दुसरी प्रत नव्हती, आणि त्यातले तीन महिने माझ्या सहीखाली. तपासणीच्या कागदावर मी आधी तेच लिहिलं: डिसेंबरमध्ये मी न येता सही केली. मग दवाखान्याचं नाव, बंद पेटी, आणि राखणदाराला बटणांची माहिती कधीच दिली गेली नव्हती, हे. खाली सही केली.

परतीच्या गाडीत उभीच होते. घरी आल्यावर न जेवता झोपले.

माझी नोकरी कायम होणं सहा महिने लांबलं. सर अजून कामापुरतंच बोलतात. काकांची नोकरी राहिली, आणि दर तिमाहीला अकोल्याला मीच जायचं ठरलं. हलकं वगैरे वाटलं नाही; फक्त थकवा आला, आणि झोप लागते.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. दसऱ्याला काकांना पूजा करू देणार का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, करू देणार. झेंडू मीच नेईन, आणि घरघर न थांबवता पूजा होईपर्यंत दाराशी उभी राहीन.