नळ आहे, नळ आलेत

आमच्या गावात कुठल्याही बोलण्यातून सुटायची एकच हुकमी सबब आहे : "नळ आलेत." एवढं म्हटलं की हातातला चहा तसाच ठेवून उठलं तरी कुणाला राग येत नाही. आमच्या शाळेतल्या किती पालकसभा या दोन शब्दांनी उधळल्या आहेत. बाहेरच्या माणसाला वाटतं, नळ नावाचे कुणी पाहुणे आले असावेत. आम्हाला म्हणायचं असतं की नळाला पाणी आलं. पण पाण्याचं नाव आम्ही घेत नाही. सहा दिवसांनी तासभर येणाऱ्या गोष्टीचं नाव घेत बसायला वेळ कुणाला आहे!

मी मात्र लग्न होऊन इथं आल्यापासून तेवीस वर्षांत ही सबब एकदाही सांगितली नव्हती. कारण मी वरच्या गल्लीत राहते. आमची गल्ली टेकावर आहे. नळ घरोघर आहेत, पण खालून निघालेलं पाणी मारुतीच्या पायऱ्यांपर्यंत येतं आणि तिथं त्याचा दम संपतो. पायऱ्यांपाशी एक सार्वजनिक नळ आहे, तिथून आम्ही घागरी वर आणतो. खालच्या बाजारगल्लीतल्या बायका माझ्याशी बोलता बोलता "अगं बाई, नळ आलेत!" म्हणून पळाल्या की मला त्यांचा हेवा वाटायचा. पाण्याचा वाटायचाच, त्याहून जास्त त्या पळण्याचा वाटायचा.

मग आमचं गाव शहर झालं. म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाटीवर रंग मारून नगरपंचायत असं लिहिलं, आणि माकणीकडून येणाऱ्या रस्त्यावर "शहरात आपले स्वागत आहे" अशी कमान उभी राहिली. कमानीच्या सावलीत दुसऱ्याच दिवशी म्हशी बसल्या. मी माहेरी कळंबला फोन करून सांगितलं की मी आता शहरात राहते. तिकडून भावजय म्हणाली, "व्हय का? मंग शहरात नळ येत्यात का?" मी फोन ठेवला.

चेष्टा सोडा, पण मला अभिमान वाटायला लागला होता. घंटागाडी आली. ती गाणं वाजवत टेकावर चढली तेव्हा सगळी गल्ली बघायला बाहेर आली, आणि पहिल्या दिवशी तिच्यात टाकायला कचराच कमी पडला. रस्त्यावर दिवे लागले. बसस्थानकामागे बाग आखली गेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, धरणाच्या पाण्याची नवी योजना मंजूर झाली. नवी टाकी, नवी पाइपलाइन. त्याआधी घरोघर पाहणी करायची होती, आणि पाहणी म्हटलं की सरकारला मास्तर आणि बाई आठवतात. वरची गल्ली आणि बाजारगल्ली माझ्याकडे आली.

माझ्या जोडीला शाळेत नवीनच आलेल्या एक बाई होत्या, थेट कोकणातून बदली होऊन. मी दारात उभी राहून विचारायचे, त्या फॉर्मवर खुणा करायच्या. प्रश्न बरेच होते. त्यातला एक : नळ आहे का? हो किंवा नाही.

वरच्या गल्लीत पहिलंच घर शेजारच्या मावशींचं. मावशी एकट्या राहतात. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लातूरला दिली आहे. मालकांनी मोठ्या हौसेनं अंगणात पितळी तोटीचा नळ बसवून घेतला होता. त्या तोटीतून थेंब पडलेला मी पाहिलेला नाही, पण मावशी दर सोमवारी ती चिंचेनं घासतात. मी विचारलं, "मावशी, नळ हाय का?"

"हाय की! दिसंना का तुला? कसा चमकायलाय बघ."

माझ्या जोडीदारीणबाईंनी "हो"वर खूण केली. वरच्या गल्लीत घरोघर हेच उत्तर आलं. नळ तर होतेच सगळ्यांकडे.

मग बाजारगल्लीत गेलो. तिथं किराणा दुकानाच्या अप्पांच्या ओसरीवर मी तोच प्रश्न टाकला. अप्पा वजन करता करता म्हणाले, "न्हाय. परवा येऊन गेले. आता बेस्तरवारी." पुढच्या दारी, "आज न्हाय बाई." गल्लीच्या पार टोकाला, "न्हाय, उद्या पाळी हाय आमची." मी मान डोलवत पुढे चालत राहिले, कारण मला अर्थ कळत होता. जोडीदारीणबाईंना "न्हाय" तेवढं कळत होतं. त्यांनी इमानेइतबारे "नाही"वर खुणा केल्या. संध्याकाळी गठ्ठा माझ्यापुढे आला. पाय दुखत होते, घरी घागरी रिकाम्या होत्या. न वाचता मी खाली सह्या ठोकल्या.

महिना-दीड महिन्यानं नगरपंचायतीच्या भिंतीवर आराखड्याचा नकाशा लागला. हरकत असेल त्यांनी सुनावणीला यावे, अशी खाली सूचना. नळ असलेली घरं हिरवी, नसलेली लाल. बाजारगल्ली लालभडक होती. मला हसू आलं. ज्यांच्या दारात गाड्या धुतल्या जातात ते बिचारे बिननळाचे! मग माझी नजर वर गेली. आमची गल्ली हिरवीगार होती. आणि नवी टाकी दाखवली होती खाली, बसस्थानकाजवळ, लाल घरांच्या सोयीसाठी. तिथून पाणी आमच्याकडे चढायचा प्रश्नच नव्हता. आमची नोंद "सोय उपलब्ध" अशी होती. त्याखाली, पाहणी करणारी म्हणून, माझं नाव.

मला स्वतःचाच संताप आला. नव्या बाईंचा काय दोष? त्यांनी ऐकलं ते लिहिलं. सही माझी होती.

आणि हा संताप नुसत्या पाण्याचा नव्हता. मावशींचे गुडघे गेले होते. मारुतीच्या पायऱ्यांवरून घागर आणणं त्यांना जमेनासं झालं होतं. मी शाळेत जायच्या आधी त्यांच्या दोन घागरी टाकायचे, पण मावशींना ते लागायचं. लेकीनं निक्षून सांगितलं होतं, टाकीचं काही झालं नाही तर घराला कुलूप लावून लातूरला चल. मावशी नव्या टाकीच्या भरवशावर दिवस काढत होत्या. ती टाकी मी एका सहीनं टेकाखाली नेऊन ठेवली होती.

त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पर म्या काय खोटं बोलले गं? नळ हायच की."

"खोटं न्हाय बोललाव मावशी. मीच चुकीचं विचारलं."

त्यांनी उठून पदराच्या टोकानं तोटी पुसली. मग विचारलं, "सुनावनी कवा हाय म्हनलीस?"

सुनावणीला सभागृह भरलं होतं. मुख्याधिकारी साहेब तरुण, पुण्याकडचे, कामाला वाघ. गावात दिवे, बाग, घंटागाडी जे काही आलं होतं ते त्यांच्याच धडपडीनं. मी उभी राहिले आणि एका दमात सांगितलं की पाहणी चुकली आहे, चूक माझी आहे, टाकी टेकावरच्या गायरानात हवी. वर्गात मुलांना चूक कबूल करायला सांगणं फार सोपं असतं.

साहेब कागद चाळत म्हणाले, "बाई, तुमच्याच सहीनं लिहिलंय, वरच्या गल्लीत घरोघरी नळ आहेत."

"आहेत साहेब. येत नाहीत."

"आहेत, पण येत नाहीत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच शंका आली. "आता आराखडा बदलायचा तर सगळं पुन्हा वर पाठवावं लागेल. योजना लांबेल. तोंडी सांगण्यावर कसं बदलायचं?"

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. मावशी पुढे येत होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि पितळी तोटी साहेबांच्या टेबलावर ठेवली. पान्यानं उघडून आणली होती. घासलेली होतीच.

"ह्यो घ्या नळ. तुमच्या कागदात हाय म्हनत्यात तर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अहो मावशी, नळ काढून आणलात? घरी सगळं पाणी वाहून जात असेल!"

अख्खं सभागृह जे हसत सुटलं! अप्पा डोळे पुसत होते. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चला की सायब. येक थेंब जरी वाहत आसंल तर म्या आजच लातूरला जाते."

साहेब हुशार माणूस. ते लाल झाले, तोटीकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं. "चला," म्हणाले.

निम्मी सभा टेक चढून वर आली. साहेबांनी मावशींच्या अंगणात उघड्या पाइपात बोट घातलं. बाहेर आलं ते कोळ्याचं जाळं. मग त्यांनी पुढच्या चार घरी स्वतः तोट्या फिरवून पाहिल्या. धापा टाकत आमच्या ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "बाई, इथं प्रश्न कसा विचारायचा ते तुम्हीच लिहून द्या."

मी लिहून दिलं. नव्या फॉर्मवर छापून आलं : नळ येतो का? किती दिवसांनी येतो? किती वेळ राहतो? सरकारी कागदावर आमच्या गल्लीची बोली छापून आलेली पाहून मला जे वाटलं ते सांगते. मला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला असता तरी एवढं वाटलं नसतं. दुसऱ्या पाहणीत खुणा मी केल्या आणि प्रश्न कोकणातल्या बाईंनी विचारले. "नळ येत्यात का वो?" असं त्या इतकं झकास म्हणायला शिकल्या की अप्पांनी त्यांना विचारलं, माहेर उमरग्याचं का.

अप्पा टाकी खाली हवी म्हणणाऱ्यांतले पुढारी होते. बसस्थानकाजवळ टाकी शोभून दिसेल, असं त्यांचं मत. पण पुढच्या बैठकीत तेच उठून म्हणाले, "टेकावरच बांधा सायब. पानी उतरायला कुनाची हरकत नसती. आमाला बी मिळंल, त्यास्नी बी मिळंल." टाळ्या झाल्या.

टाकी वर बांधायचं ठरलं. योजना लांबायची ती लांबलीच. एक उन्हाळा आम्ही पुन्हा घागरींवर काढला. मावशींची लेक येऊन गेली, भांडून गेली. "टाकी भरूस्तवर थांब," एवढंच मावशी म्हणत राहिल्या. टाकीचे खांब चढताना बघायला त्या रोज काठी टेकत गायरानापर्यंत जायच्या आणि येऊन मला सांगायच्या, आज किती चढलं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मात्र लेकीनं ऐकलं नाही. अमुक दिवशी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेव, म्हणाली. मावशींनी दोन गाठोडी बांधून दाराशी ठेवली. मला त्या गाठोड्यांकडे बघवत नव्हतं.

गाडी यायची होती त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी शाळा सुटून मी टेक चढत होते. टाकीची चाचणी आज-उद्या होणार, असं नुसतं ऐकलं होतं. मारुतीच्या पायऱ्या ओलांडल्या आणि वरून भांड्यांचा दणदणाट ऐकू आला. बायका ओरडत होत्या, कुणाची कळशी गडगडत खाली आली. मी साडीच्या निऱ्या धरून धावले. पन्नाशीला आलेली बाई भर रस्त्यात धावताना गावानं पाहिली, पाहू दे.

मावशींच्या अंगणात कारंजं उडत होतं. पाइपाला तोटीच नव्हती! ती अजून साहेबांच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून पडलेली होती. किती वेळा मागून आणू म्हटलं, तर मावशी म्हणायच्या, "राहू दे तिथंच, ध्यानात राहतंय त्यांच्या." आता त्या पाइपावर तळहात दाबून बसल्या होत्या, नखशिखांत भिजलेल्या, आणि बोटांच्या फटींतून पाणी चहूकडे उडत होतं. मी घागर लावली, ती भरली. कळशी लावली, ती भरली. गाठोडी भिजली. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात घरात फोन वाजला. लेकीचाच होता. मी तो आणून मावशींच्या कानाला लावला. पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "आई, परवा सकाळी येते. तयार हाईस ना?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. पाण्यानं निथळणाऱ्या चेहऱ्यानं, खालच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईच्या तोऱ्यात त्या म्हणाल्या, "ठिव गं फोन. नळ आलेत."